तोत्तोचानच्या खिडकीबाहेरचे जग

मराठी वाचकाला तोत्तोचानची ओळख करून द्यावी लागत नाही. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या बालपणावर लिहिलेल्या या जपानी पुस्तकाचा चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आणि सहज परवडणारे हे पुस्तक गेली कित्येक वर्षे ग्रंथप्रदर्शनांतून, शिक्षकांच्या शिबिरांतून आणि वाढदिवसाच्या भेटींतून घरोघर पोचत राहिले. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा, डब्यात ‘समुद्रातले थोडे आणि डोंगरावरचे थोडे’ आणायला सांगणारे मुख्याध्यापक, पहिल्याच भेटीत चार तास एका लहान मुलीचे बोलणे ऐकून घेणारा तो मोठा माणूस, हे सारे आपल्याकडच्या अनेकांच्या बोलण्यात इतके सहज येते की हे सगळे तोक्योमधल्या एका उपनगरात, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी घडले होते याचाही कधीकधी विसर पडतो.

आपल्याकडे हे पुस्तक शिक्षणाचे पुस्तक म्हणून वाचले गेले आणि त्यात नवल नाही. कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरवणाऱ्या ताराबाई मोडक, कोल्हापुरात १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील यांच्यासारख्यांनी जी जमीन तयार करून ठेवली होती, तिच्यात तोत्तोचानच्या तोमोए या शाळेची गोष्ट आपोआप रुजली. मूल स्वतःहून शिकते, त्याला भीती दाखवू नये, त्याचे ऐकून घ्यावे, एवढे सांगायला या पुस्तकाइतके प्रेमळ साधन दुसरे मिळणे अवघड होते. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवत असताना या पुस्तकातील प्रसंग पालकसभेत वाचून दाखवत असे आणि मुख्याध्यापक कोबायाशी यांचे ‘तू खरोखर चांगली मुलगी आहेस’ हे वाक्य वाचताना समोरची माणसे सावरून बसलेली मला दिसत. त्या पुस्तकातले युद्ध मात्र आम्ही कुणी सभेत वाचून दाखवत नव्हतो. शेवटच्या काही प्रकरणांत बाँब पडतात, शाळा जळते आणि गोष्ट संपते, एवढेच त्याचे स्थान असे. या पुस्तकावर निघालेला अॅनिमेशनपट पाहिल्यापासून मी त्या बाजूविषयी पुन्हा पुन्हा विचार करते आहे.

हा चित्रपट ८ डिसेंबर २०२३ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक शिन्नोसुके याकुवा, निर्मिती शिन-एइ अॅनिमेशन या संस्थेची, म्हणजे आपल्या घरातील मुलांना डोरेमॉनमुळे ठाऊक असलेल्या संस्थेची. याकुवा यांनीही आधी डोरेमॉनचेच चित्रपट केलेले आहेत. तेत्सुको कुरोयानागी यांचे मूळ पुस्तक १९८१ साली आले. जगभरात त्याच्या २.५ कोटींहून अधिक प्रती निघाल्या आणि त्यांपैकी सुमारे ८० लाख एकट्या जपानमध्ये. इतक्या लाडक्या पुस्तकाला चित्रपटासाठी मागणी येत नव्हती असे नाही, पण लेखिकेने चार दशके कुणालाच होकार दिला नाही. वाचकांनी आपापल्या मनात जी शाळा उभी केली आहे तिला धक्का लागू नये, ही त्यांची भावना समजण्यासारखी आहे. त्यांनी अखेर होकार दिला तो अॅनिमेशनला, आणि मला तो निर्णय फार योग्य वाटतो. जिवंत बालकलाकार समोर आले असते तर आपण त्यांचा अभिनय पाहत बसलो असतो. रेखाटलेली तोत्तोचान मात्र अजूनही कुणा एकीची नसते; ती प्रत्येक वाचकाच्या मनातल्या मुलीच्या आसपास राहू शकते.

प्रदर्शनाची तारीख मला योगायोग वाटत नाही. ८ डिसेंबर १९४१ या दिवशी, जपानी घड्याळाप्रमाणे पहाटे, पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जपान त्या मोठ्या युद्धात उतरला. चित्रपटाची गोष्ट त्याच्या आधीच्या वर्षी, १९४० मध्ये सुरू होते, तेव्हा तोत्तोचान सात वर्षांची होऊ घातलेली असते. डेस्कचे झाकण शेकडो वेळा उघडझाप करणे, खिडकीत उभे राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारणे, घरटे बांधणाऱ्या पक्ष्यांशी गप्पा मारणे, अशा कारणांनी तिला पहिल्या शाळेतून काढून टाकले जाते आणि आई तिला जियुगाओका येथील तोमोए शाळेत घेऊन जाते. पुस्तक इथपासून पुढे मुलीच्या नजरेची पायरी सहसा सोडत नाही. कुरोयानागी यांनी स्वतःविषयी लिहितानाही ‘मी’ न म्हणता ‘तोत्तोचान’ म्हटले आहे आणि जे त्या वयात कळले नव्हते ते बहुतेक वेळा न कळलेलेच ठेवले आहे. म्हणून युद्ध पुस्तकात असूनही कडेला राहते. चित्रपटाला मात्र एक वेगळी सोय आहे. त्याच्या चौकटीत मुलगी मधोमध खेळत असते आणि तिच्या पाठीमागे, ती पाहत नसताना, रस्ता बदलत असतो. प्रेक्षकाला तिचा आनंद आणि तिच्या मागचा रस्ता एकाच वेळी दिसतो. याकुवा यांनी ही सोय फार विचारपूर्वक आणि फार संयमाने वापरली आहे.

युद्ध या चित्रपटात तोफांच्या आवाजाने येत नाही. ते वस्तूंमधून आणि माणसांच्या नसण्यातून येते. स्टेशनवरच्या यंत्रात पैसे टाकले की मिळणारे कॅरमेल मिळेनासे होते. रोज हसून तिकीट घेणारे गृहस्थ एके दिवशी दिसत नाहीत आणि त्यांच्या जागी एक स्त्री उभी असते. ते कुठे गेले याचा उच्चार होत नाही. आई-वडिलांना मारायच्या विदेशी वळणाच्या हाका बंद करून जपानी हाका माराव्या, असे घरातच सांगितले जाते. भिंतींवर काटकसरीच्या घोषणा येतात, बायकांचे कपडे बदलतात, आणि ज्या डब्यात समुद्रातले आणि डोंगरावरचे भरून येत असे, त्या डब्याचे रंग एकेक करून कमी होत जातात. शेवटी मोजून दिलेले भाजलेले सोयाबीनचे दाणे उरतात. ज्या शाळेने जेवणाला आनंदाचा आणि समतोल आहाराचा धडा बनवले होते, तिथे अन्नच येईनासे होते, याहून अधिक स्पष्टपणे युद्ध काय करते हे लहान मुलांना कसे सांगता आले असते, मला सुचत नाही. एकाही पात्राच्या तोंडी युद्धाविरुद्ध भाषण नाही, आणि त्याची गरजही भासत नाही.

मी हा चित्रपट घरी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीबरोबर पाहिला. इंग्रजी सबटायटल्स तिला भराभर वाचता येत नसल्याने मी अधूनमधून मराठीत सांगत होते, पण थोड्या वेळाने मला जाणवले की तिला माझी फारशी गरज नाही. मध्येच तिने विचारले, ‘आत्या, ते तिकीटवाले काका कुठे गेले?’ मी म्हणाले, ‘बहुतेक त्यांना सैन्यात बोलावले असेल.’ त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, ‘मग कॅरमेलवाले पण तिकडेच गेले असतील.’ पुस्तक मी तिला आधी वाचून दाखवले होते, पण असा प्रश्न तिने तेव्हा विचारला नव्हता. चित्राने तिला तो विचारू दिला, कारण चित्रात काका आधी होते आणि नंतर नव्हते.

चित्रांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. पुस्तकातील चित्रे चिहिरो इवासाकी यांची आहेत. त्या १९७४ मध्येच वारल्या होत्या. पुस्तकासाठी त्यांच्या आधीच्या चित्रांतून लेखिकेने स्वतः निवड केली होती. पाणी जास्त आणि रंग कमी अशी ती चित्रे, त्यांतील मुलांच्या कडा कागदात विरघळलेल्या, आणि भोवताली भरपूर कोरी जागा. मला वाटले होते की चित्रपट त्याच शैलीचे अनुकरण करील. त्याने तसे केले नाही. त्याने १९३०-४० च्या सुमाराच्या जपानी बालमासिकांतील चित्रांची वाट धरली: सर्वांच्या गालांवर लाली, सर्वांचे ओठ रंगवल्यासारखे, अगदी वडिलांचे आणि मुख्याध्यापकांचेसुद्धा. पहिली काही मिनिटे डोळ्यांना हे खटकते. नंतर ध्यानात येते की त्या काळातील मुले स्वतःला ज्या रंगांत पाहत होती ते हे रंग आहेत आणि अन्न कमी होत जाते तसतशी त्या लाल गालांकडे पाहण्याची आपली नजर बदलत जाते. जिथे तोत्तोचानची कल्पना धावू लागते, तिथे शैली पूर्णपणे पालटते. डब्यांची ती स्थिर शाळा खरोखरची आगगाडी होऊन निघते तेव्हाचा भाग, आणि पोहण्याच्या तलावातला भाग, हे जणू वेगळ्याच हाताने काढलेले आहेत. २०२४ मध्ये फ्रान्समधील आनसी येथील अॅनिमेशन महोत्सवात या चित्रपटाला पॉल ग्रिमो पुरस्कार मिळाला, तो या भागांसाठीच मिळाला असावा असे म्हणण्याचा मोह मला होतो.

तलावाचा तो प्रसंग यासुआकीचा आहे, आणि माझ्या मते चित्रपटाने पुस्तकात केलेला सर्वांत मोठा बदल यासुआकीविषयीचा आहे. पोलिओने ज्याचा एक पाय आणि हात निकामी केला आहे असा हा मुलगा पुस्तकात तोत्तोचानच्या अनेक मित्रांपैकी एक, जिव्हाळ्याचा पण एक, असतो. चित्रपटात तो दुसरा नायकच होतो. तोमोएमध्ये मुले कपड्यांशिवाय पोहत, कारण सगळी शरीरे सारखीच सुंदर आहेत हे मुलांना कळावे आणि ज्यांच्या शरीरात काही उणे आहे त्यांची लाज जावी, असे कोबायाशींना वाटे. पुस्तकात हा विचार लेखिका सांगते. चित्रपटात यासुआकी काठावर थांबतो, तोत्तोचान त्याला पाण्यात ओढून घेते, आणि पाण्याखाली त्याचे शरीर प्रथमच वजन विसरते. तिथे शब्द नाहीत. शाळेने जो नियम केला होता त्याचे कारण एका मुलाच्या अंगाला कळलेले आपण पाहतो.

झाडावर चढण्याचा प्रसंग तर पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. तोमोएतल्या प्रत्येक मुलाचे स्वतःचे एक झाड होते. यासुआकीचे नव्हते, कारण तो चढू शकत नव्हता, म्हणून तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर पाहुणा म्हणून बोलावते. शिडी आणणे, खालून ढकलणे, वरून ओढणे, पुन्हा घसरणे, हे सारे चित्रपट घाई न करता दाखवतो. वाचताना आपण तिच्या जिद्दीने भारावून जातो. पाहताना त्याच्या चेहऱ्यावरची भीतीही दिसते आणि ती वर खेचते आहे त्या हाताचा धोकाही. मुलांच्या चित्रपटांत अपंग मूल बहुधा इतरांच्या चांगुलपणाचे निमित्त होऊन येते. इथे तसे होऊ नये म्हणून दिग्दर्शकाने एक छोटा प्रसंग घातला आहे: दोघे पंजा लढवतात, तोत्तोचान मुद्दाम हरते, आणि यासुआकी चिडतो. त्याला दया नको आहे, खरा खेळ हवा आहे. तोत्तोचानच्या चांगुलपणाला कुणी नाही म्हटलेले मला फार आवडले, कारण तेवढ्या एका नकाराने ती मैत्री बरोबरीची झाली.

या दोघांचा पावसातला प्रसंग मी कधी विसरेन असे वाटत नाही. पोटात भूक आहे, आणि दोघे शाळेत जेवणाआधी म्हणायचे, नीट चावून खा असे सांगणारे गाणे रस्त्यात म्हणू लागतात. एक मोठा माणूस त्यांना दटावतो. देश लढतो आहे आणि ही मुले खाण्याचे गाणे गातात, हे त्याला लाजिरवाणे वाटते. मुले गप्प होतात. मग यासुआकी डबक्यात पाय आपटतो, तोत्तोचान त्याला ताल जोडते, आणि ओठ बंद ठेवून दोघे पायांनी गाणे पुरे करतात. इथे कोबायाशींची सगळी शिकवण एकवटली आहे. त्यांनी १९२० च्या दशकात युरोपात जाऊन एमिल जॅक-दाल्क्रोझ यांच्याकडून अंगाच्या हालचालींतून ताल शिकवण्याची पद्धत आत्मसात केली आणि तिच्या भोवती १९३७ साली तोमोए उभारली. संगीताचा तो तास काय कामाचा, असे कुणी विचारले तर त्याला हा प्रसंग दाखवावा.

कोबायाशींना आवाज दिला आहे अभिनेते कोजी याकुशो यांनी आणि त्या आवाजात एक थकवाही आहे, तो मला फार खरा वाटला. आपल्याकडे या माणसाची जवळजवळ पूजा होते. चित्रपट त्यांना माणूस राहू देतो. शौचालयात पडलेले पैशांचे पाकीट शोधण्यासाठी तोत्तोचान हौदातला मैला उपसून बाहेर ढीग घालते तेव्हा ते एवढेच म्हणतात की झाल्यावर सगळे परत आत टाक. हा प्रसंग आपण हसून सांगतो. पण सहकारी शिक्षिकेने एका मुलाला, ज्याची उंची वाढत नव्हती, गमतीत शेपटीवरून काहीतरी विचारले, तेव्हा मुलांच्या नजरेआड ते त्या शिक्षिकेवर किती संतापले, हेही पुस्तकात आहे आणि शिक्षक म्हणून मला तोच प्रसंग अधिक छळत आला आहे. मुलांशी कमालीचे मऊ असलेले हे गृहस्थ मोठ्या माणसांच्या निष्काळजीपणाबाबत मुळीच मऊ नव्हते. त्यांच्या शांतपणाला हा कठीण कणा होता म्हणूनच ती शाळा युद्धाच्या वर्षांतही उभी राहू शकली.

तसाच कणा तोत्तोचानच्या वडिलांनाही होता. मोरित्सुना कुरोयानागी नामवंत व्हायोलिनवादक होते. युद्धसामग्रीच्या कारखान्यात लष्करी गाणी वाजवली तर साखर, तांदूळ आणि गोडधोड मिळेल असे त्यांना सुचवले जाते. घरात भुकेली मुलगी आहे आणि तरीही आपल्या व्हायोलिनवर ती गाणी वाजवायची नाहीत असे ते ठरवतात. पुस्तकात हे प्रकरण लहानसे आहे. चित्रपट ते तसेच लहान ठेवतो, आणि कुणालाही शूर न ठरवता पुढे जातो.

मग यासुआकी जातो. पुस्तकात त्याच्या अंत्ययात्रेचे वर्णन मोजक्या शब्दांत आहे. चर्चमध्ये फुले, आणि तोत्तोचानला आठवणारे त्याने वाचायला दिलेले पुस्तक. चित्रपटात ती चर्चमधून बाहेर पडून धावत सुटते, आणि आतापर्यंत तिच्या पाठीमागे राहिलेले सगळे जग एकदम तिच्या समोर येते: सैनिकांना निरोप देणारी गर्दी, लढाई-लढाई खेळणारी मुले, अवयव गमावून परतलेला सैनिक, अस्थींची पेटी छातीशी धरलेली बाई. एका मित्राच्या मृत्यूने तिला मृत्यू ओळखता येऊ लागला आणि ओळखता येताच तो तिला रस्ताभर दिसला, असा हा क्रम आहे. चित्रपटाची उभारणी या धावण्यासाठी झाली होती हे तेव्हा कळते. आपण शिक्षणाचे म्हणून वाचलेले पुस्तक इथे युद्धकाळात वाढणाऱ्या एका मुलीचे पुस्तक होऊन परत मिळते, आणि मला वाटते लेखिकेसाठी ती दोन्ही पुस्तके एकच असावीत. जिथे प्रत्येक मुलाचे ऐकून घेतले जाते ती शाळा, आणि जिथे माणसे मोजून पाठवली जातात तो देश, हे एकाच गावात एकाच वेळी होते.

या मांडणीची किंमत मोजावी लागली आहे. पुस्तकात शाळेच्या दिनक्रमाला जी ऐसपैस जागा मिळते, ज्यात सकाळी कुणी गणित करतो, कुणी चित्र काढतो, कुणी दिव्यावर चंबूत काहीतरी उकळून प्रयोग करतो, आणि सगळे आवरले की दुपारी सर्वांनी मिळून फिरायला जायचे, ती इथे आखडली आहे. ज्याने पुस्तक वाचले नाही त्याला तोमोए म्हणजे सुंदर डबे आणि प्रेमळ मुख्याध्यापक एवढीच वाटण्याचा संभव आहे. म्हणून मुलांना आधी पुस्तक वाचून दाखवावे आणि मग चित्रपट दाखवावा, असे माझे मत आहे. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना तो पेलतो. यासुआकीच्या वेळी त्यांना रडू येईल, ते येऊ द्यावे आणि जवळ बसावे.

१९४५ च्या हवाई हल्ल्यात तोमोएचे डबे जळाले. कोबायाशी रस्त्यात उभे राहून आग पाहत होते आणि आपल्या मुलाला म्हणाले, ‘आता पुढची शाळा कशी काढू या?’ पुस्तकात हे वाक्य वाचताना मला नेहमी धीर येई. चित्रपटात त्यांच्या डोळ्यांत ज्वाळा दिसतात आणि तेच वाक्य ऐकताना भीतीही वाटते, कारण हा माणूस आशा बाळगतो आहे की त्याला दुसरे काहीच करता येत नाही, हे तो चेहरा सांगत नाही. युद्धानंतर त्यांनी त्या जागी बालवाडी चालवली, संगीतशिक्षणाचे काम केले, पण तोमोएसारखी प्राथमिक शाळा त्यांच्या हातून पुन्हा झाली नाही. १९६३ मध्ये ते वारले आणि त्या जागेवर पुढे सुपरमार्केट उभे राहिले.

तोत्तोचान तान्ह्या भावंडाला घेऊन उत्तर जपानमधल्या आओमोरीकडे जाणाऱ्या गाडीत बसते, तिथे चित्रपट तिला सोडतो. पुढची हकीकत कुरोयानागी यांनी ४२ वर्षांनी, वयाच्या नव्वदीत लिहिली. पुस्तकाचा दुसरा भाग चित्रपटाच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये जपानमध्ये आला. त्यात आओमोरीतले विस्थापित दिवस आहेत, सैबेरियाच्या बंदिवासातून १९४९ मध्ये परतलेले वडील आहेत, आणि ज्या मुलीला एका शाळेने नको म्हटले तिचे पुढे दूरदर्शनवरचे आयुष्य आहे. पहिल्या भागाला जसा निगुतीने केलेला, बोलका मराठी अनुवाद लाभला, तसाच या भागालाही लाभावा, कारण माझ्या भाचीने चित्रपट संपताच विचारले आहे की तिचे बाबा परत आले का, आणि त्याचे उत्तर तिला कुरोयानागींच्याच शब्दांत, पण मराठीतून, वाचायला मिळावे असे मला फार वाटते.